नानांच्या नाकाला आलेला वास

माझ्या बहिणीच्या सासऱ्यांचं नाक आयुष्यात एकदाही चुकलं नाही. त्या नाकाला हसणारी माणसं मात्र पुष्कळ चुकली, आणि त्यांत पहिला नंबर माझा. शिरपूरजवळच्या त्यांच्या गावात त्यांना सगळे नाना म्हणत. हिवाळ्यात शेतात भरताची पंगत ठरली, की कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळात भाजलेलं पहिलं वांगं नानांच्या नाकाखाली जायचं. डोळे मिटून ते सांगायचे, वांगं कुणाच्या मळ्यातलं, पाणी विहिरीचं की पाटाचं. एकदा मी खोडी म्हणून धुळ्याच्या बाजारातली दोन वांगी गुपचूप त्यांत मिसळली. नानांनी एक हुंगलं आणि म्हणाले, "पावना, हाई वांगं एस.टी.मा बठीसन उनं शे." वांगं खरंच माझ्याबरोबर एस.टी.त बसून आलं होतं. ओसरीवर पाठमोरे बसूनही ते आलेल्या माणसाला नावानं हाक मारत. "माझा वास कसला येतो, नाना?" मी विचारलं. "कचेरीना. जुना कागद आन ताजा आळस."

गावात रविवारी एकाच टीव्हीसमोर अख्खी गल्ली बसायची, त्या दिवसांतली गोष्ट. त्या हिवाळ्यात पंगतीत नानांनी भरताचं ताट बाजूला सारलं. "वास ई राह्यना," म्हणाले. भरताला वास येतोय म्हटल्यावर ताई दुखावली. घाण्याचं ताजं शेंगदाण्याचं तेल होतं. तिनं डबा प्रत्येकाच्या नाकाखाली फिरवला. मी भर पंगतीत जाहीर केलं, "नाना, नाकाला आता पेन्शन द्या!" पंगत खो खो हसली. नाना हसले नाहीत. त्यांनी आपला तळहात सावकाश हुंगला आणि म्हणाले, "वास तेलना नही. मना शे."

माणूस स्वतःच्याच अंगाला वास येतो म्हणतो, तेव्हा माझ्या अंगावर काटा यायला हवा होता. मी दुसरी भाकरी मागितली.

पुढं नानांचा सदरा अंगावर लोंबायला लागला. तपासणीत साखर निघाली. काडीसारखा माणूस, सात पिढ्यांत कुणाला साखर नाही. "म्हातारपणी गोड झालात," असं म्हणून मी कारल्याचा रस नेला. मग पोटातून आरपार पाठीत कळ यायला लागली. आडवं झालं की वाढायची, पुढं वाकलं की थांबायची. म्हणून नाना दिवसभर पोटाशी तक्क्या धरून, कपाळ गुडघ्यांपर्यंत आणून बसायचे. मी चोळायचं तेल दिलं. त्यांचा हात चाटल्याशिवाय औताला न जाणारा बैल एक दिवस ओसरीशी आला, हुंगला आणि मागं सरकला. "त्याले समजनं," नाना म्हणाले. मला मात्र समजलं नाही. मग खाज सुटली. दुपारी घर निजलं, की नानांच्या नखांचा आवाज तेवढा माजघरापर्यंत यायचा.

शेवटी डोळे हळदीसारखे झाले आणि मी अक्षरशः खूश झालो. आजाराला नाव सापडलं, कावीळ! शेजारच्या गावात एक म्हातारा काविळीची माळ द्यायचा. वनस्पतीच्या कांड्या दोऱ्यात ओवलेली इवलीशी माळ डोक्यावर ठेवायची. कावीळ उतरेल तशी ती आपोआप लांबत पायांपर्यंत येते, असा सगळ्या पंचक्रोशीचा विश्वास. मी रजा काढून दोन माळा आणल्या. एक नानांच्या डोक्यावर ठेवली, दुसरी पुढच्या आठवड्यासाठी खुंटीला लावली.

तिसऱ्या दिवशी माळ गळ्यात उतरली, पाचव्या दिवशी बेंबीशी आली. मी वितीनं मोजत ओरडलो, "ताई, बघ, उतरतेय!" वाकून बसलेल्या नानांनी मान वर केली. "माळ लांब नही व्हयनी, पावना. मीच आखूड व्हई राह्यनू."

मला त्यांच्याकडं बघवेना. नजर फिरवली ती खुंटीवर गेली. दुसरी माळ, जिला कुणी हातही लावला नव्हता, खुंटीवरून लांबत लांबत जमिनीला टेकायला आली होती. वारा नव्हता, तरी ती हलल्यासारखी वाटली. भिंतीला कुठली कावीळ? कांड्या सुकल्या, दोरा सैल झाला, एवढंच. त्याच दुपारी मी नानांना धुळ्याच्या गाडीत बसवलं.

धुळ्यात पोटाचा फोटो काढायचं यंत्र तेव्हा नवीनच आलं होतं. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, पसरलेला. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "जेवणाची शिसारी, एकाएकी साखर, वाकल्यावर थांबणारी पाठदुखी... आधी काही बोलले नाहीत का हे?"

"बोलले होते," मी म्हणालो. "भर पंगतीत."

"लवकर आणलं असतं तर?" मीच पुढं विचारलं.

"या आजाराचं तेही सांगता येत नाही. पण निदान बघितलं तरी असतं."

परतीच्या गाडीत नानांनी माझ्याकडं तोंड करून एक लांब श्वास घेतला. "आज कागदना वास नही."

"मग कसला?"

"भ्यायेल माणूसना." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "जाऊ दे. तुनं नाक लहान शे, तू काय करशी?"

होळीच्या आत नाना गेले. आता त्या पंगतीत पहिलं वांगं मानानं माझ्या नाकाखाली येतं. मी डोळे मिटून "पाटाचं पाणी" असं काहीतरी ठोकून देतो आणि लोक हसतात. पण कुणी म्हाताऱ्यानं जेवणाला वास येतो म्हणून ताट सारलं, की मी ताटावरून उठतो आणि धुळ्याची गाडी कितीला आहे ते विचारतो. आणि हात धुवायच्या आधी, कुणाचं लक्ष नाही असं बघून, आपला तळहात हुंगतो.

अजून तरी धुराचाच येतो.