कर्णिकबाईंची म्हातारी

कर्णिकबाई नकाशा डोळ्यांनी वाचत नसत, बोटांनी चालत. इमारतीचा नकाशा टेबलावर पसरला की उजव्या हाताची दोन बोटं दुकानांसमोरून तुरुतुरु निघायची. "ही माझी म्हातारी. भाजी घेऊन घरी चाललीय," त्या सांगायच्या. दारं-खिडक्या लागल्या की म्हातारी खुशीत असायची. लांबलचक कोरी भिंत आली की लंगडायची, आणि सावली नसली तर कागदावर चक्क आडवी व्हायची. मग बाई समोरच्याला गोड आवाजात विचारत, "आता हिला उचलून कोण नेणार? तुम्ही?"

पनवेलच्या जुन्या बाजारपेठेतल्या नव्या व्यापारी इमारती कशा असाव्यात, याचे नियम लिहायचं काम बाईंकडे होतं. मी त्यांच्या हाताखाली नवीनच लागले होते. दुकानं रस्त्याला लागून, पुढं चालायला सलग छपराची वाट, गाड्या मागे. बाईंचं मागणं एवढंच. "गाडीतून दिसते ती इमारतीची जाहिरात. इमारत कळते ती चपलेतून," असं त्या म्हणत.

पहिलीच इमारत निघाली बेलपाड्याच्या मढवी शेठची. त्यांना अख्खी दर्शनी बाजू निळ्या काचेची हवी होती, छप्परबिप्पर काही नको. त्यांच्या नकाशावर म्हातारी दोन पावलांतच कोसळली. शेठ ढिम्म. "मॅडम, दुबईला अशीच हाय."

नियम अजून मंजूर व्हायचे होते. शेठची काच एकदा उभी राहिली की सगळी पेठ तिचीच नक्कल करणार आणि बाईंचे नियम कपाटात जाणार, हे उघड होतं. मला तर रडूच येत होतं. बाई मात्र म्हणाल्या, "काच छान आहे हो. नमुन्याला एक लावून तर दाखवा!"

शेठनं हौसेनं प्लॉटच्या तोंडाशी भली मोठी काच उभी केली. भर मे महिना. दुसऱ्या दिवशी बाईंनी तिच्यासमोर फुटपाथवर चटई अंथरली आणि पोह्याचे पापड मांडले. काचेवरून उलटलेल्या उन्हानं ते दुपारपर्यंत कडकडीत वाळले. बातमी पसरायला कितीसा वेळ! आठवडाभरात पापड, सांडगे, तांदळाच्या फेण्या, सगळ्या आळीचं वाळवण तिथं हजर. शेठ पाहुण्यांना काच दाखवायला आले, तर पाय ठेवायला जागा नाही.

"मॅडम, यो काय बाजार मांडलाय तुमी?"

"शेठ, तुमचं गिऱ्हाईक इथंच उभं राहणार ना? पापडाचं काय होतं ते कळलं. माणसाचं काय होईल, त्याचा विचार करतेय."

शेठ भडकणार, तोच डोक्यावर पदर घेऊन फेण्या उलटणारी एक आजी वळली. शेठच्या मातोश्रीच त्या! "काच आत्ताच काढू नको रे," त्या म्हणाल्या. "माज्या फेण्या व्हायच्या हायेत. मंग काढ. हितं उबं रावत नाय."

त्यांना बेलपाड्याहून तिथवर कोणी आणलं, हे मी विचारलं नाही. बाई त्या वेळी उगाचच आभाळाकडे बघत होत्या.

इमारत झाली ती छपराच्या वाटेची, आणि पेठेनं नक्कल केली ती तिची. काच शेठच्या गच्चीवर गेली. तेव्हापासून दर मे महिन्यात आमच्या ऑफिसात फेण्यांचा डबा येतो.

यंदा चैत्रात बाई गेल्या. त्यांच्याशिवाय ऑफिस मला खायला उठतं. परवा डबा घेऊन शेठ स्वतः आले. रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाले, "मॅडम नाय, तरी आयनं दिलाय." मग दुसऱ्या इमारतीचा नकाशा माझ्यासमोर पसरला. मी काही बोलायच्या आत त्यांनी आपली दोन जाडजूड बोटं कागदावर ठेवली आणि दुकानांसमोरून हळूहळू चालवत नेली.

"बगा," ते म्हणाले, "म्हातारी कुटं दमतेय का."