बारा पोती आणि पिकअपचे टायर

सासूबाई गेल्या त्याला सहा महिने झाले होते. गुढीपाडवा नुकताच झाला होता, तेव्हा ह्यांनी पिकअप उंच करायचं ठरवलं. त्याआधी बरेच दिवस ते जेवताना मोबाईलवर टायरच बघत बसायचे. वर जाड रबरी बटणं उठलेले, रुंद, काळेकुळकुळीत. मी भाकरी वाढायची आणि ते न बघता खायचे. बाकी बोलणं नव्हतं.

आमचं घर बेळगुंदीच्या पुढं, शेतातच आहे. डांबरी रस्त्याला लागायचं तर आधी एक आडवा उतार लागतो, तिथं गाडी एका अंगाला कलते, आणि मग ओढा. घटस्थापनेच्या तोंडावर पाऊस अजून जोरात होता, तेव्हा एका पहाटे सासूबाईंच्या छातीत दुखायला लागलं. बेळगावला कॅम्पातल्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. पिकअपमध्ये आदल्या दिवशी भरलेली रताळ्यांची बारा पोती होती, उपवासाच्या बाजारासाठी. ह्यांनी ती उतरवायला घेतली. मी म्हटलं, राहू द्या, मागं वजन असलं की चाक धरतं. माझे वडील चिकोडीकडं टेंपो चालवायचे, ते नेहमी असं म्हणायचे. ह्यांनी ऐकलं आणि उतरवलेली दोन पोती परत चढवली.

वडिलांचं म्हणणं चढाला खरं आहे. ओढ्यातल्या चिखलाला ते लागू नाही, हे मला माहीत नव्हतं. मागची चाकं मधली लोखंडी डिस्क बुडेपर्यंत खाली गेली. ह्यांनी एकेक पोतं काठावर फेकलं, तरी गाडी हलली नाही. मग ते ट्रॅक्टर आणायला पळाले. मी पुढच्या सीटवर सासूबाईंना धरून बसले होते. ट्रॅक्टर आला तेव्हा त्या गेलेल्या होत्या. हे दार उघडून उभे राहिले. त्यांना दिसलंच.

पोत्यांचं नाव त्यानंतर घरात कुणी काढलं नाही. बाराव्याला आलेल्या लोकांना हे म्हणाले, गाडी लई खाली हाय, म्हणून अडकली.

निपाणीच्या वाटेवर हायवेला एक मिस्त्री आहे, तो गाड्या उंच करून देतो असं ह्यांना कुणी सांगितलं होतं. मला म्हणाले, चल. का चल ते सांगितलं नाही. मी सहसा कुठं जात नाही. त्या दिवशी गेले.

तिथं दोन मोठ्या गाड्या उभ्या होत्या. त्यांचे टायर माझ्या कमरेपर्यंत येत होते. घाटात, जंगलात हौसेनं गाड्या घालणाऱ्या पोरांच्या त्या, असं मिस्त्री म्हणाला. त्यानं ह्यांना बरंच काही दाखवलं. ॲल्युमिनियमच्या चकचकीत डिस्क होत्या, पण दगडावर आपटल्या तर तडकतात, लोखंडाची वाकली तरी ठोकून सरळ करता येते, असं त्यानंच सांगितलं. लिफ्ट किटचं खोकं उघडून दाखवलं. आत लोखंडी ठोकळे आणि लांब बोल्ट होते. ते स्प्रिंगच्या पाट्यांखाली घातले की गाडी चार बोटं वर उठते. हे प्रत्येक वस्तू हातात घेऊन बघत होते. सहा महिन्यांत त्यांना इतकं लक्ष देऊन काही बघताना मी पाहिलं नव्हतं. मी भिंतीला टेकून उभी होते.

मग मिस्त्रीनं विचारलं, "अडकली तवा मागं माल किती हुता, अण्णा?"

हे म्हणाले, "न्हवता. रिकामी हुती."

मी खाली बघितलं. माझ्यासाठी म्हणाले की स्वतःसाठी, ते मला कळलं नाही.

रिकामी असून अडकली म्हटल्यावर मिस्त्रीनं सांगितलं की चार बोटं उंच करू आणि रुंद टायर घालू, रुंद टायर चिखलावर तरंगतो. हे हो म्हणाले. मिस्त्री ठोकळे काढता काढता आपल्या जोडीदाराला कन्नडमध्ये म्हणाला, रिकामी गाडी ओढ्यात घालवली म्हणजे हातच कच्चा आहे, टायर काय करणार. जोडीदार हसला. आमच्याकडं कन्नड सगळ्यांना कळतं. ह्यांनाही कळलं. ते हातातला बोल्ट फिरवत राहिले.

मी म्हटलं, "बारा पोती हुती. मीच ठिवायला सांगितलतं."

माझा आवाज लहानच आला असणार, कारण मिस्त्रीनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. रताळ्याची, भरगच्च, असंही सांगितलं. वाट आडवी उताराची आहे हेही सांगितलं. इतकं मी परक्या माणसासमोर कधी बोलले नव्हते.

मिस्त्रीनं ठोकळे खाली ठेवले. "आक्का, हे आधी सांगायचं न्हाय व्हय? चार बोटं उंच केल्यावर उताराला भरल्याली गाडी उलटीच झाली असती की."

मग त्यानं सगळंच बदललं. ठोकळे नकोत, मागं एकेक जास्तीचा पाटा घालू. गाडी दोन बोटंच उठेल, पण मालानं बसणार नाही. टायर रुंद नकोत, मापाचेच अरुंद, बटणाचे घालू, ते चिखल कापून खालच्या दगडाला लागतात. डिस्क जुन्याच लोखंडी राहू देत. हे प्रत्येक गोष्टीला मान हलवत होते. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही.

काम व्हायला संध्याकाळ झाली. येताना ओढ्यावर आल्यावर ह्यांनी गाडी थांबवली. चैत्र होता, ओढा कोरडा होता. काठावर फेकलेली पोती कुजून गेली होती आणि त्यातल्या रताळ्यांचे वेल ओलीच्या जागी पसरले होते. थेट वाटेवर आले होते.

हे समोर बघत म्हणाले, "सांगितलं तू. पन भरली म्याच."

मी व्हय म्हटलं. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. इंजिन चालू होतं. नवा पाटा अजून करकरत होता.

मग ते म्हणाले, "टायर कसं हाईत ते पावसातच कळंल."

त्यांनी गाडी पुढं घेतली नाही. वेल चाकाखाली येत होते म्हणून असेल. मी खाली उतरले. आता उतरताना पाय जरा जास्त खाली टाकावा लागतो. वाटेवरचे वेल उपटले, म्हशीला होतील म्हणून मागं टाकले आणि परत येऊन बसले.