लैंगिकतेचा तास आणि अपेंडिक्स

मी मेडिकल कॉलेजातली सर्जन. पोट कापणं हे माझं काम. त्यामुळे मानसोपचाराच्या मॅडम रजेवर गेल्या आणि लैंगिकतेचा तास माझ्या गळ्यात पडला, तेव्हा मी आधी चडफडले. मग वाचलं आणि शिकवलं. कुणाला कुणाची ओढ वाटते हे वेगळं, आणि कुणी स्वतःला बाई मानतं की पुरुष, की दोन्ही नाही, हे वेगळं. यात आजार कशातच नाही. मागच्या बाकांवर खुसखुस चालली होती. पुढे बसलेल्या आरमोरीच्या मुलीने तेवढ्यात विचारलं, "मॅडम, हे किती मार्काले येते?"

मी भडकलेच. म्हटलं, मार्क गेले खड्ड्यात. पेशंट समोर आला की 'लग्न झालं का, नवरा काय करतो' हे सुरू करू नका. घरी कोण असतं, सोबत कोण आलंय, एवढं विचारा आणि उत्तर नीट ऐका. तिने मान डोलावली. मला फार आशा वाटली नाही.

त्याच आठवड्यात जिवती गावाकडची एक पन्नाशीची बाई अपेंडिक्सने कळवळत आली. ऑपरेशन तातडीचं होतं, पण ती तयार होईना. "माह्या घरचं माणूस बाहेर आहे. ते आल्याबिगर मी टेबलावर चढत नाई."

वॉर्डाच्या दारात उभं राहून आमच्या रिवाजाप्रमाणे पुकारा झाला, "पेशंटचे नातेवाईक कोण?" कुणी आलं नाही. पुन्हा पुकारलं, तरी नाही. "नवरा तंबाखूचा खर्रा घोटायले गेला असन," कुणीतरी म्हणालं. उशीर झाला तर अपेंडिक्स फुटणार, हे मला दिसत होतं.

तेव्हा वॉर्डात ड्युटीला असलेली ती आरमोरीची मुलगी वाकली. "मावशी, घरी कोण कोण असते?"

"आम्ही दोघीच."

मुलीने पुढे एक अक्षर विचारलं नाही. ती दारात गेली. "जिवतीच्या मावशीसोबत कोण आलं आहे जी?"

भिंतीला टेकलेली, पेशंटच्याच वयाची एक बाई पिशवी सावरत उठली. मला आम्हा सगळ्यांचा राग आला. बाई आत आली आणि तिने स्ट्रेचरवरचा हात हातात घेतला.

"कुठी होतीस व? मी कवाची वाट पाहून राह्यली."

"इथीच होती, दाराजवळ. नातेवाईकाले बोलावून राह्यले होते. मले कोणी बोलावलंच नाई."