बंद रेल्वेचे गार्डसाहेब

आमच्या स्कॉटिश गावातून सरहद्द ओलांडून इंग्लंडात जाणारी रेल्वे केव्हाच बंद पडली. रूळ उखडले, आता तिथे पायवाट आहे. दर रविवारी एक गृहस्थ आम्हा रिटायर्ड मंडळींना त्या पायवाटेवरून हिंडवत लाइनचा इतिहास ऐकवायचे. डोक्यावर गार्डची टोपी, गळ्यात शिट्टी. मोडक्या प्लॅटफॉर्मपाशी आले की टोपी काढायचे, डोळे पुसायचे आणि लाइन बंद करणाऱ्या लंडनच्या सरकारला शिव्या घालायचे. दर रविवारी नेमकं त्याच जागी रडू यायला अंगात कलाच लागते.

माझी मुलगी सरहद्दीपलीकडे राहते. तिच्याकडे जायला मला दोनदा बस बदलावी लागते. म्हणून एकदा मी विचारलं, "लाइन पुन्हा सुरू करायचं कौन्सिलमध्ये चाललंय म्हणे. मीटिंगला बोलाल ना?"

त्यांनी पायवाटेला खेटून बांधलेल्या आपल्या नव्या बंगल्याकडे बोट दाखवलं.

"छे छे, डॉक्टर! इथून खरीच गाडी गेली तर केवढा आवाज होईल!"

एवढं बोलून त्यांनी टोपी चढवली आणि कानठळ्या बसतील अशी शिट्टी फुंकून आमची बिनरुळांची गाडी पुढे काढली.