आईच्या फोनची पत

आमच्या लालबागच्या चाळीत पूर्वी फोन एकाच घरात होता. कुणासाठी आला की गॅलरीतून गॅलरीत हाक सरकायची. जो दुसऱ्याची हाक पुढे द्यायचा नाही, त्याच्या वेळी बाकीचेही बहिरे व्हायचे.

गणपतीच्या गर्दीत टॉवर मान टाकतात, म्हणून आम्ही मंडळासाठी अ‍ॅप बनवलं. निरोप जवळच्या फोनवर, तिथून त्याच्या शेजारच्या फोनवर, असा टॉवरशिवाय जायचा. त्यात चाळीचाच नियम घातला. जो फोन इतरांचे निरोप पोचवेल त्याची पत वाढणार. गिळून बसेल त्याची उतरणार, आणि पत बुडाली की त्याचा निरोप कुणी घेणार नाही. "फुकट्यांना असंच पायजे," सेक्रेटरी म्हणाले. सगळ्यांना पटलं.

विसर्जनाच्या दुपारी आई दिसेना. इन्सुलिन टोचून, न जेवता मिरवणूक बघायला उतरली होती. फोन लागत नव्हता. मंडपात मी माणसामाणसाला विचारत होते, तेवढ्यात एक कार्यकर्ता आला.

"ताई, आईंचा मेसेज आलेला, पण माझ्या फोनने रिजेक्ट मारला. त्यांची पत झीरो दाखवतोय."

"काय लिहिलं होतं?"

"ते दिसत नाय ना. नाक्यापासून इथवर चालत आलो, त्यात कुठेतरी आला."

मधल्या कुणी निरोप वाचू नये, ही आमचीच हुशारी. मी माझ्या फोनवर तिची पत वाढवली. उपयोग शून्य. या जाळ्याला मालकच नाही, प्रत्येक फोन आपापलं मत धरून बसतो. माझी आई कुठेतरी कोसळतेय, हाका मारतेय, आणि शेकडो फोन तिच्याकडे पाठ फिरवून उभे आहेत, एवढंच डोक्यात.

शेवटी रस्त्यावर येऊन वर गॅलरीतल्या बायकांना ओरडून सांगितलं, "आई हरवलीय, हिरवी साडी, पुढे सांगा." ढोलांत माझं मलाच ऐकू येत नव्हतं, पण ओठांवरून त्यांना कळलं. त्यांनी शेजारच्या गॅलरीला खुणा केल्या, तिने पुढचीला. मी गर्दीतून खालून ढकलत निघाले. बऱ्याच पुढे एक बाई कठड्यावरून वाकून खाली बोट दाखवत होती.

मसाल्याच्या दुकानाच्या पायरीवर आई बसली होती, घामाने भिजलेली. दुकानदाराने तिच्या तोंडात गूळ घातला होता. मला रडू आवरेना, आणि रागही.

"फोन बंद का ठेवतेस गं सारखा?"

"लिहायचं तेवढ्यापुरता चालू केला. कितीदा लिहिलं तुला." तिला धड बोलवत नव्हतं. "मग परत बंद. चार्जिंग संपलं, तर तुझा फोन लागणार कसा?"

चालू असताना घेतलेले इतरांचे निरोप बंद फोनमधून पुढे कसे जाणार? म्हणून तो फुकट्या ठरला होता. तिने पर्समधून काढून तो माझ्यापुढे धरला. चार्जिंग जवळजवळ सगळं शिल्लक होतं.