खिडकीजवळची वीस मिनिटं

देवाधर्माच्या बाबतीत रफूवाल्या बाईंचा सगळा आनंदच होता. हात जोडायचे तर दोन्ही मोकळे हवेत, आणि यांच्या एका हातात कायम सुई. लोक जळके कोट, कुरतडलेल्या शाली घेऊन यायचे. बाई त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागे ओढून काढायच्या आणि भोक असं विणून टाकायच्या, की मालकालाही जागा सापडू नये. डोळ्यांत तेल घालून करायचं काम. त्यात त्यांना कधी कुणाची मदत लागली नाही, वरच्याचीही नाही.

नवरा मात्र रोज सकाळी खिडकीजवळच्या खुर्चीत वीस मिनिटं डोळे मिटून बसायचा. पोस्टातली कटकटीची नोकरी, अधू गुडघा, पोटी मूल नाही. पण खुर्चीतून उठला की चेहरा कसा निवलेला. लग्नानंतर पहिली काही वर्षं बाई चेष्टा करायच्या, "काय, भेटले का?" तो म्हणायचा, "आत्ताच गेले." पुढे चेष्टा थांबली आणि चक्क हेवा वाटू लागला. शेवटच्या काही वर्षांत तर वीस मिनिटांची चाळीस झाली. भक्ती वाढली, असं बाईंनी धरलं.

तो गेला त्याला आठ महिने झाले होते. घर खायला उठायचं. त्याला जिथून ते निवलेपण मिळायचं, तिथूनच आपल्यालाही मिळालं तर तो थोडा तरी परत येईल, असं बाईंच्या मनानं घेतलं. म्हणून त्या रोज त्याच खुर्चीत बसू लागल्या. डोळे मिटले की कुणाच्या तरी कोटाची बाही दिसायची. एकदा "देवा" म्हणूनही पाहिलं. अनोळखी माणसाला एकदम नावानं हाक मारावी तसं वाटलं, आणि त्या घरात एकट्या असूनही ओशाळल्या.

शेवटी त्यांनी नणंदेला बोलावून घेतलं. नणंद पक्की श्रद्धाळू. सकाळची प्रार्थना चुकली तर तिला दिवसभर घास गोड लागत नसे.

"वन्सं, मला शिकवा," बाई म्हणाल्या. "हे कसे बसायचे, मनात काय म्हणायचे. माझा विश्वास नाही म्हणून मला मिळत नाही का? तसं असेल तर तो आणायचा कसा, तेवढं सांगा."

नणंदेनं चष्मा काढून पुसला.

"अगं, त्याचा तरी कुठे होता विश्वास? आई गेली तेव्हाच सोडलं त्यानं सगळं. मी किती भांडले त्याच्याशी."

"मग रोज बसायचे ते?"

"मीही हेच विचारलं. तर म्हणतो, ताई, ती त्याच खोलीत काम करत असते ना, तोंडातल्या तोंडात धागे मोजते. एक वर, एक खाली. ते ऐकत बसतो. दिवस निभतो मग." नणंदेनं चष्मा परत चढवला, पण जीभ काही आवरली नाही. "मी जन्मभर प्रार्थना करतेय, मला झोपेची गोळी लागते. आणि हा बाबा तुझ्या मोजण्यावर तरून गेला."

बाई हसल्या नाहीत. आपण मोजतो, हेच त्यांना इतकी वर्षं ठाऊक नव्हतं.

"कधी म्हणाले हे?"

"झाली की सहा-सात वर्षं."

बाईंनी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"त्यांची शेवटची पाच वर्षं मी सकाळी आतल्या खोलीत बसायचे, वन्सं," त्या म्हणाल्या. "दार लावून. त्यांच्या प्रार्थनेत माझी खुडबुड नको म्हणून."

"आणि तो काही बोलला नाही?"

"मी विचारलं होतं, दार लावू का म्हणून. म्हणाले, तुला शांत वाटत असेल तर लाव."