वरून पाहिलेली विहीर

आठवीतच माझी शाळा सुटली. आता हैदराबादेत उंच इमारतींना बाहेरून रंग देतो, दोरावर लटकून. गावी सगळ्यांना वाटतं, याला उंचीचं भ्या नाही. खरं तर मला ते रोज वाटतं, पण घरी कधी सांगितलं नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात सुटीवर गावी, धनजला गेलो, तेव्हा हरभरा फुलावर होता आणि विहिरीतल्या पाईपाच्या तोंडाची जाळी गाळानं बुजली होती. दुपारी मोटारीसाठी विजेची लाईन येणार, त्याआधी कोणीतरी उतरणं भाग होतं. मी नाही उतरलो तर बाबा उतरणार, आणि त्यांना आता घराची पायरीसुद्धा धरूनच चढावी लागते.

काठावरून खाली पाहिलं आणि दोन पावलं मागं सरलो. लहानपणापासूनची विहीर, पण पाणी पार पाताळात गेल्यासारखं दिसलं. शेजारचे काका म्हणाले, "तिकडं हवेत लटकते म्हणे, अन् घरच्या विहिरीले भेऊन राह्यला."

बाबा हसले नाहीत. माझ्या कमरेला दोर बांधता बांधता हळूच म्हणाले, "मलेबी वरून लय खोल दिसते. उतरून पाह्य, तेवढी नाई हाय."

उतरलो. कमरेएवढ्या गार पाण्यात उभं राहून वर पाहिलं, तर बाबांचा चेहरा इतका जवळ की दाढीचे पांढरे खुंट दिसावेत. विहीर तीच. मग खरी खोली कोणती?

कामावर परतल्यावर साइटच्या इंजिनिअर बाईंना हे विचारलं. त्या म्हणाल्या, खालून कोणी पडत नाही. धोका वरच्याला, म्हणून वरून पाहताना डोळा अंतर वाढवून दाखवतो. फार फार पूर्वी ज्यांना कडा आहे तेवढाच खोल दिसला, त्यातले कितीतरी पडून गेले. ज्यांना जास्त खोल दिसला ते मागं सरले, जगले. आपण त्यांची लेकरं.

त्या अनोळखी भित्र्या माणसांचे मी मनातल्या मनात उपकार मानले. संध्याकाळी फोनवर बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे तुलेबी तिकडं भ्या वाटते?"

"वाटते," मी म्हणालो. "रोज."



"मंग बरं हाय," बाबा म्हणाले. "मले घोर होता, तुले वाटतच नसन म्हणून."